बदला, मोबदला आणि बदली

जून २०२५मध्ये इटलीतील बोलोन्या येथील चित्रपट-महोत्सवात 'शोले' त्याच्या मूळ शेवटासह दाखवला गेला, ही बातमी मी कळंबोलीतील माझ्या घरी वाचली आणि एका जुन्या लेखाची फाईल कपाटातून खाली काढली. हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा प्रेक्षकांनी पाहिलेला शेवट असा होता : ठाकूर बलदेवसिंग गब्बरला पायांखाली तुडवत असतो, आणि तो त्याचा प्राण घेणार एवढ्यात पोलीस येतात व त्याला थांबवतात. दिग्दर्शकाने चित्रित केलेला मूळ शेवट वेगळा होता. त्यात रामलालने खिळे ठोकून दिलेल्या बुटांनी ठाकूर आपला सूड पुरा करतो आणि मग रडतो. आणीबाणी लागू होऊन दोन महिनेही झाले नव्हते. एका माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घ्यावा हे परिनिरीक्षण मंडळाला मान्य झाले नाही. ज्याला हातच उरलेले नाहीत अशा माणसाला 'कायदा हातात घेऊ नकोस' असे सांगितले जावे, यातला उपरोध त्या वेळी कोणाच्या ध्यानात आला होता की नाही, कोण जाणे.

माझा तो जुना लेख याच उपरोधावर उभा होता. नव्वदच्या दशकात आम्ही मराठीचे अध्यापक संरचनावाद आणि कथनमीमांसा यांची नव्याने ओळख करून घेत होतो. कथेच्या शेवटी येणारा पोलीस म्हणजे सत्तेने संहितेवर मारलेला शिक्का, सूडाची थांबवलेली कथा म्हणजे प्रस्थापिताने प्रेक्षकाची केलेली फसवणूक, असे त्या लेखाचे प्रतिपादन होते. पुढे अनेक वर्षे मी वर्गात तेच शिकवले. ते सर्वस्वी चूक होते असे मला आजही वाटत नाही. पण ते अपुरे होते, आणि ते अपुरे असल्याची खूण मला ज्या रात्री मिळाली, त्या रात्री मी ती ओळखली नाही. त्या रात्री मी माझ्या वडिलांना एका अमेरिकी दूरचित्रवाणी मालिकेचा एक भाग समजावून सांगत होतो. प्रस्तुत लेखन हे त्या रात्रीचे उशिरा केलेले वाचन आहे.

प्रथम गावाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. आज कळंबोली म्हटले की लोकांना लोखंड-पोलाद बाजार, पत्र्यांच्या चळती, मालमोटारींच्या रांगा आणि २००२पासून पूर्ण वाहता झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आठवतो. माझ्या बालपणीची कळंबोली हे पनवेलच्या शेजारचे भातशेतीचे गाव होते. खाडीचे पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेले बांध, त्यांची दरवर्षीची डागडुजी, पावसाळ्यातली लावणी आणि हिवाळ्यातली झोडणी यांवर आमचे पंचांग चाले. १९७०मध्ये नव्या मुंबईसाठी ठाणे आणि तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील पंचाण्णव गावांची जमीन संपादित करण्याचे ठरले, आणि त्यांत आमचेही गाव होते. पुढची काही वर्षे आम्ही एका विचित्र अवस्थेत काढली. जमीन डोळ्यांसमोर होती, तिच्यात भातही होते, परंतु ती आपली आहे असे म्हणताना मोठ्या माणसांचा आवाज खाली येऊ लागला होता.

त्याच सुमारास पनवेलजवळच्या लोहमार्गावर 'शोले'तील आगगाडीच्या लुटीचा प्रसंग चित्रित झाला. ते काम सात आठवड्यांहून अधिक काळ चालले. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. एके दिवशी बाबा मला घेऊन रुळांच्या कडेने चालत निघाले. आम्हाला दिसले ते फारसे काही नव्हते. दूरवर उभी असलेली गाडी, धूर, घोडे, माणसांची पळापळ, आणि मग पुष्कळ वेळ काहीच न घडणे. गाडी थोडी पुढे जाई, थांबे, आणि पुन्हा मागे येई. बाबांना त्या मागे येण्याचे मोठे नवल वाटले. एकदा घडून गेलेली गोष्ट पुन्हा पहिल्यापासून घडवता येते, हे त्यांच्या शेतकरी बुद्धीला पटणारे नव्हते. घरी परतताना ते म्हणाल्याचे आठवते की ही लढाई खरी नव्हे, कारण खऱ्या लढाईत गाडी मागे येत नाही.

येथे मी तीन शब्दांकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. मराठीत सूड 'उगवतात'. जमिनीशी नाते असलेल्या माणसाला हे क्रियापद ऐकताना अंकुर आठवतो. पेरलेले अपमान पुढच्या हंगामात वर येतात, असा काहीसा अर्थ त्याला सुचतो. मात्र जुन्या कागदपत्रांतील भाषेत येणे वसूल करण्यालाही 'उगवणी' म्हणत, हे ध्यानात घेतले तर त्या शब्दप्रयोगात हिशेबाची छटा आधीपासूनच आहे असे दिसते. सूड म्हणजे थकलेली वसुली. दुसरा शब्द 'बदला', आणि त्याच अरबी धातूपासून आलेला तिसरा शब्द 'मोबदला'. दोन्हींच्या मुळाशी एका वस्तूच्या जागी दुसरी ठेवणे ही कल्पना आहे. बदला म्हणतो, माझे जे गेले तसेच तुझे जावो. मोबदला म्हणतो, तुझे जे गेले त्याच्या जागी हे घे. पहिल्यात समता आहे पण भरपाई नाही, दुसऱ्यात भरपाई आहे पण समता नाही. आमच्या पंचाण्णव गावांनी पन्नास वर्षांत सर्वांत अधिक वेळा उच्चारलेला शब्द मोबदला हाच असावा. त्याच्या पोटात बदला हा शब्द जसाच्या तसा बसलेला आहे, हे मात्र मला पन्नाशी उलटेपर्यंत दिसले नव्हते.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली चाललेल्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण हुतात्मा झाले. बाबा त्या गर्दीत होते. ते सुखरूप परतले, आणि पुढे कितीतरी दिवस त्यांनी त्याविषयी एक अक्षर काढले नाही. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकांना परत देण्याचे तत्त्व त्या आंदोलनातून पुढे आले. देशभरातील भूसंपादनाच्या चर्चेत आजही त्याचा दाखला दिला जातो. ज्यांच्या रक्तातून ते आले त्यांना त्यातले काही मिळाले नाही, हे अशा सर्वच तत्त्वांच्या बाबतीत घडते.

आमच्या घरात मात्र या तत्त्वाने वैर आणले. बाबांचा एक चुलतभाऊ होता. दोघे एका ताटात जेवून वाढलेले. सामाईक खात्याचे कागदपत्र तोच पाहत असे, कारण तो चार इयत्ता अधिक शिकला होता. बाबांनी विश्वासाने केलेल्या एका सहीच्या आधारे त्याने आमच्या वाट्याचा भूखंडाचा हक्क तिऱ्हाइताला विकून टाकला. हे उघडकीस आले तेव्हा कागदावर लिहिलेले होते की मोबदला पावला. मी स्वतः ते वाक्य बाबांना वाचून दाखवले. त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावले, आणि मग विचारले की 'पावला' हा शब्द देवाच्या बाबतीत वापरतात तोच का.

त्यानंतर दर दसऱ्याला आमच्या घरी एक गोष्ट घडू लागली. शेत गेल्यानंतरही बाबा अवजारांची पूजा करीत. कोयता, विळा, पहार हे सारे धुऊन पुसून पाटावर मांडले जाई. पूर्वी पूजेनंतर अवजारे पुन्हा पडवीत जात. आता कोयता तेवढा बाबा आदल्या दिवशी सहाणेवर बराच वेळ घाशीत बसत. कापायला काही उरले नव्हते. आई काही बोलत नसे, परंतु रात्री तो कोयता ती तांदळाच्या कणगीत खोल पुरून ठेवी. वर्षभर दोघांपैकी कोणीही त्याचा उल्लेख करीत नसे. समीक्षेच्या परिभाषेत ज्याला 'लांबवलेला सूड' म्हणतात त्याचे मला ठाऊक असलेले हे एकमेव प्रत्यक्ष उदाहरण. एलिझाबेथकालीन शोकांतिकांवरील कोणत्याही ग्रंथात कणगीचा उल्लेख नाही.

१९९६च्या पावसाळ्यात माझा एक आतेभाऊ मालवाहू जहाजावरील नोकरीतून सुटीवर आला. त्याच्याजवळ परदेशी दूरचित्रवाणीवरून उतरवून घेतलेल्या काही चित्रफिती होत्या. माझा 'शोले'वरचा लेख त्याच्या कानावर गेला होता, म्हणून काउबॉयची एक फीत त्याने माझ्यासाठी ठेवली. ती 'गनस्मोक' या मालिकेतील 'व्हेन्जन्स' नावाच्या भागाची होती. सूड हेच त्याचे शीर्षक.

वाचकांपैकी ज्यांना या मालिकेचा परिचय नसेल त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. 'गनस्मोक' प्रथम १९५२मध्ये अमेरिकेत नभोवाणीवर आली आणि १९५५मध्ये दूरचित्रवाणीवर. तेथे ती वीस वर्षे चालली. तिचे एकूण ६३५ भाग झाले. कॅन्सस राज्यातील डॉज सिटी हे गाव, आणि त्या गावातला मार्शल मॅट डिलन. जेम्स आर्नेस या नटाने ही भूमिका पहिल्या भागापासून अखेरपर्यंत केली. डॉक्टर, मद्यगृहाची मालकीण किटी, आणि मार्शलचा एखादा मदतनीस, अशी तीन-चार माणसे गावात कायमची. बाकी सारे येणारे-जाणारे. शेवटचा नवा भाग ३१ मार्च १९७५ रोजी प्रक्षेपित झाला. म्हणजे डॉज सिटीचा पडदा पडला त्यानंतर साडेचार महिन्यांनी रामगढचा उघडला. या योगायोगातून काही सिद्ध होत नाही, परंतु तो मला नेहमीच मोलाचा वाटत आला आहे.

'व्हेन्जन्स' हा भाग ऑक्टोबर १९६७मधला, दोन सोमवारांना विभागून दाखवलेला. जेम्स स्टेसी त्यातील सूडाने पेटलेला तरुण, आणि जॉन आयर्लंड हा त्याचा वैरी असलेला बडा पशुपालक. काही भटके सोबती वाटेत एका जखमी वासराला दयेपोटी मारतात. त्या पशुपालकाच्या नजरेत ते गुरेचोर ठरतात, आणि त्यांच्यावर गोळ्या चालतात. जो वाचतो त्याच्या मनात मग एकच गोष्ट उरते. मार्शल डिलन कायद्याच्या बाजूने उभा राहतो.

बाबा त्या वेळी पासष्टीचे असतील. बाहेर पाऊस होता, आणि वीज जाऊन-येऊन होती. मी वाक्यावाक्याला फीत थांबवून मराठीत सांगत होतो. वासरू मारण्याचा प्रसंग त्यांना तत्काळ कळला. दयेने केलेल्या कृत्याचा कागदावर गुन्हा कसा होतो, हे त्यांना समजावून सांगावे लागले नाही. त्यानंतर मात्र त्यांचे लक्ष त्या तरुणावरून उडाले. मला वाटले होते की ते सूडाच्या बाजूने पाहतील, आणि खरे सांगायचे तर मी ती फीत त्यासाठीच लावली होती. माझ्या सिद्धान्ताला एक जिवंत प्रेक्षक हवा होता. परंतु ते मार्शलकडे पाहत राहिले. एकदा त्यांनी विचारले, "यो पोलीस गाव सोरून जात नाय का?" मी म्हणालो, नाही, हा वीस वर्षे याच गावात आहे. त्यांनी पुन्हा विचारले, वीस वर्षे, तोच माणूस? मी म्हणालो, तोच. त्यावर ते गप्प झाले.

मग फीत संपली. आतेभावाने उतरवून घेतला होता तो फक्त पहिला भाग. "मंग पुढं काय झाला?" बाबांनी विचारले. मी म्हणालो की पुढचा भाग पुढच्या सोमवारी होता, तो आपल्याजवळ नाही. "मंग तो पोलीस पुढल्या सोमवारी हाय ना?" आहे, मी म्हणालो. ते उठले आणि झोपायला गेले. मी दिवा मालवून बराच वेळ बसून राहिलो, आणि मनात आले ते एवढेच की माझा प्रयोग फसला.

आज त्या प्रश्नाकडे पाहताना मला वाटते की त्या रात्री आमच्या दोघांत साहित्यप्रकाराचे मर्म ज्याला उमगले तो मी नव्हतो. विल राइट या अभ्यासकाने १९७५मध्येच प्रसिद्ध झालेल्या 'सिक्सगन्स अँड सोसायटी' या ग्रंथात वेस्टर्न चित्रपटांच्या कथानकांचे चार प्रकार पाडले. सूडकथा हा त्यांतला एक. तेथे नायक समाजाबाहेर पडतो, कारण समाज त्याला न्याय देऊ शकत नाही, आणि सूड सोडून दिल्यावर किंवा पुरा केल्यावर तो पुन्हा समाजात शिरतो. हे विवेचन चित्रपटांचे आहे. चित्रपटाला शेवट असतो, म्हणून त्याचा नायक बाहेर जाऊन परत येऊ शकतो. मालिकेच्या नायकाला ही सोय नाही. पुढच्या सोमवारी त्याला त्याच रस्त्यावर, त्याच लोकांपुढे उभे राहायचे आहे. म्हणून मालिकेत सूड हा नेहमी पाहुणा असतो. तो परगावाहून येतो, एका भागापुरता राहतो, आणि जातो किंवा मरतो. राहतो तो मार्शल. माझ्या पूर्वीच्या भूमिकेनुसार हे प्रस्थापिताचे रक्षण झाले. परंतु त्यात दुसरीही एक गोष्ट आहे, आणि ती बाबांनी अचूक हेरली. मार्शलच्या शब्दाला वजन येते ते त्याच्या बंदुकीने नव्हे. बंदूक सूड घेणाऱ्याजवळही असते. त्याच्या शब्दाला वजन येते, कारण आज तो जे बोलेल त्याचे उत्तर त्याला पुढच्या सोमवारी याच गावात द्यावे लागणार असते.

रने जिरार याने १९७२च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात असे दाखवले आहे की न्यायसंस्था सूड नाहीसा करीत नाही. ती एकच सूड असा घेते की त्यावर उलट सूड घेण्याला कोणी उरत नाही. न्याय म्हणजे सूडाचा शेवटचा शब्द. हे मान्य केले तरी एक प्रश्न उरतो. शेवटचा शब्द बोलणारा माणूस बोलून झाल्यावर जातो कोठे?

येथे 'बदला' आणि 'मोबदला' यांचा तिसरा भाऊ पुढे येतो. तो म्हणजे 'बदली'. बाबांनी चुलतभावावर दावा लावला होता. पुढची कित्येक वर्षे ते तारखांना जात राहिले, आणि भूखंडाच्या चौकशीसाठी एका कचेरीतही जात राहिले. या काळात त्यांना कोणी फार वाईट वागवले असे मी म्हणणार नाही. एक अधिकारी तर अत्यंत सज्जन होता. त्याने बाबांना खुर्ची दिली, सगळे ऐकून घेतले, कागद पाहिले, आणि म्हणाला की तुमच्यावर अन्याय झाला आहे. हे वाक्य बाबा घरी येऊन आईला पुन्हा पुन्हा सांगत होते. पुढच्या खेपेला ते गेले तेव्हा त्या अधिकाऱ्याची बदली झालेली होती. खुर्चीवर नवा माणूस होता, आणि त्याला सारे पहिल्यापासून सांगावे लागले. रुळांवरची ती गाडी मागे येत राहिली. जो म्हणाला की अन्याय झाला, तो पुढच्या सोमवारी नव्हता. एका माणसाच्या जागी दुसरा माणूस ठेवला गेला, आणि या अदलाबदलीत कोणाचाही दोष नव्हता.

या दृष्टीने 'शोले'च्या दोन शेवटांकडे पुन्हा पाहावेसे वाटते. चित्रपटगृहात १९७५मध्ये दाखवलेल्या शेवटात पोलीस येतात हे खोटे वाटते, असे मी लिहिले होते. ते आजही खोटेच वाटते, परंतु मी दिलेले कारण चुकीचे होते. ते पोलीस सूड थांबवतात म्हणून खोटे नाहीत. ते पूर्वी कधी गावात राहिलेले नाहीत, म्हणून खोटे आहेत. रामगढमध्ये कायद्याच्या वतीने राहिलेला एकच माणूस आहे, आणि तो म्हणजे हात तोडलेला ठाकूर. जय आणि वीरू भाड्याने आणलेले, बाहेरचे. गब्बर डोंगरातला. शेवटी येणारे पोलीस आले तसे जाणार. आणि मूळ शेवटात, जो मी पुष्कळ पुढे एका तबकडीवर पाहिला, सूड पुरा झाल्यावर ठाकूर रडतो, याचाही अर्थ मला आता निराळा लागतो. मी लिहिले होते की ते मोकळे होणे आहे. मला आता वाटते की तो उद्याच्या कल्पनेने रडतो. गब्बर मेला, वीरू आगगाडीने जाणार, आणि ठाकुराला त्या रिकाम्या हवेलीत, विधवा सुनेसमोर, रोज सकाळी उठायचे आहे. चित्रपट तेथे थांबतो. मालिका असती तर तिला पुढचा सोमवार दाखवावा लागला असता.

सूडाविषयीच्या मोठ्या कथांनी हा राहण्याचा प्रश्न टाळलेला नाही. इसवी सनापूर्वी ४५८मध्ये सादर झालेल्या एस्किलसच्या नाट्यत्रयीत सूडदेवतांचा पाठलाग अथीना थांबवते. ती त्यांना हाकलून देत नाही, तर नगरीतच राहायला जागा देते. महाभारत हे जनमेजयाच्या सर्पसत्रात सांगितले जाते, म्हणजे पित्याच्या मृत्यूचा सूड चालू असताना, यज्ञकर्माच्या मधल्या अवकाशात. ते सत्र आस्तीक थांबवतो, आणि ज्याच्यासाठी सारे मांडले होते तो तक्षक जिवंत राहतो. आस्तीक हा नागकन्येच्या पोटी ब्राह्मण पित्यापासून झालेला. दोन्ही बाजू ज्याच्या घरात राहतात, तोच मधे पडू शकतो. एवढे लांब जायला नको. आमच्या रायगड जिल्ह्यातच अलिबागजवळच्या चरी या गावी १९३३मध्ये नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, आणि तो १९३९पर्यंत चालला. त्यांनी कोणाच्या घराला आग लावली नाही. त्यांनी जमिनी कसायचे सोडले. उपासमार सोसली, जंगलातली लाकडे विकली, परंतु गाव सोडले नाही. सूड उगवण्याऐवजी त्यांनी शेतात काहीच उगवू दिले नाही, आणि त्या ओसाड शेतांसमोर ते राहून राहिले. ही कृती बदला नव्हे आणि मोबदलाही नव्हे. तिला आपल्या समीक्षेच्या परिभाषेत नाव नाही.

बाबांच्या चुलतभावाचे निधन १९९९मध्ये झाले. दावा तेव्हाही चालू होता. दहाव्याला बाबा जातील असे घरात कोणाला वाटले नव्हते. ते गेले, आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. खाडीच्या काठी पिंड ठेवले गेले. कावळे होते, पण शिवेनात. रिवाजाप्रमाणे एकेक जण पुढे होऊन मृताच्या मनात राहिले असेल ते बोलू लागला. मुलांना सांभाळू, लग्ने करून देऊ, घर पुरे करू. कावळा येईना. मग सगळे बाबांकडे पाहू लागले. कोणी काही म्हणाले नाही, पण काय बोलायचे आहे ते प्रत्येकाला ठाऊक होते : तुझ्या-माझ्यात काही उरले नाही, हिशेब फिटला. बाबा पुढे झाले. हात जोडून पिंडासमोर उभे राहिले. पुष्कळ वेळ उभे राहिले. मग एक शब्दही न बोलता मागे सरले. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि विधी उरकला.

परतताना मी रागावलो होतो. मेलेल्या माणसाशी कसले वैर, असे काहीसे बोललो. बाबा म्हणाले, "खोटा कनाला बोलू?" एवढेच. त्यांच्या स्वरात राग नव्हता, क्षमाही नव्हती.

त्या दसऱ्याला कोयता नेहमीप्रमाणे पाटावर मांडला गेला. आदल्या दिवशी सहाणेचा आवाज मात्र आला नाही. रात्री आई सवयीने तो कणगीत ठेवायला निघाली, तेव्हा बाबा म्हणाले की राहू दे पडवीत.

बाबा २००८मध्ये गेले. दाव्याचा निकाल त्यांनी पाहिला नाही. अखेरची नऊ वर्षे ते रोज संध्याकाळी ओटीवर बसत. तोवर समोर शेत नव्हते, इमारती होत्या, आणि लोखंड बाजारातून पत्रे उतरवल्याचा आवाज येई. चुलतभावाचा धाकटा मुलगा बाजारातल्या एका गोदामात नोकरीला होता, आणि त्याचा घरी जायचा रस्ता आमच्या ओटीवरून जात असे. पहिल्या काही महिन्यांत तो मान खाली घालून भरभर निघून जाई. बाबा त्याच्याकडे पाहत बसत. मग एका संध्याकाळी, मी दारात उभा असताना, त्यांनी त्याला हाक मारली. तो थबकला. मला वाटले, आता ते बोलतील. बाबांनी विचारले, "जेवलास का रं?" तो म्हणाला, नाही काका, घरी जाऊन जेवीन. "जा मंग," बाबा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ते पुन्हा ओटीवर होते.